दावणीतली जोडी आणि बाथर्स्टचा डोंगर

भारतात फॉर्म्युला वन शर्यत तीन वेळा झाली. २०११, २०१२ आणि २०१३ साली दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर जगातल्या सर्वांत वेगवान मोटारी धावल्या आणि मग ती शर्यत बंद पडली. करांचा वाद होता, खर्चाचा मेळ बसत नव्हता. पण ती बंद पडल्याचं दुःख मोजक्या शौकिनांपलीकडे कुणाला झालं नाही. पुढच्याच वर्षी, ७ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. बैल घोड्याइतकासुद्धा वेगाने पळत नाही. तरी महाराष्ट्रात या बंदीविरुद्ध मोर्चे निघाले, २०१७ साली विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, ती मुंबई उच्च न्यायालयात अडली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. एका शर्यतीसाठी लोक नऊ वर्षं भांडतात आणि दुसरी गेल्याची दखलही घेत नाहीत. शर्यतीची ओढ वेगातून येते, हे म्हणणं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की टिकत नाही.

ती ओढ मग येते कशातून? बघणाऱ्याचं आणि धावणाऱ्याचं काही नातं असतं, त्यातून येते, असं मला वाटतं. जे धावतंय ते आपल्या दारात उभ्या असलेल्या, आपण रोज कामाला लावलेल्या वस्तूच्या जातकुळीतलं असेल, तर हार-जीत बघणाऱ्याच्या अंगाला लागते. नांदेड, हिंगोली, परभणीकडे बैलांच्या ज्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, तिचा जीव या नात्यात आहे. पण हे नातं कसं जुळतं, कसं ताणलं जातं आणि कधी तुटायला येतं, हे नीट दिसतं ते फार दूरच्या एका खेळात. तो म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या टूरिंग कार शर्यती. टूरिंग कार म्हणजे शर्यतीसाठी जन्माला घातलेलं यंत्र नव्हे; बाजारात विकली जाणारी, बायको-मुलांना घेऊन फिरायची चारचाकी सुधारून शर्यतीला उतरवलेली. अशा गाड्यांवर एका देशाने दोन-तीन पिढ्या इतका जीव टाकला, की त्यांच्यावरून घराघरांत तट पडले.

सिडनीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर बाथर्स्ट नावाचं गाव आहे, लोकसंख्येने आपल्या उदगीरपेक्षा बरंच लहान. गावाला लागून एक डोंगर आहे. तिथले मूळ रहिवासी विराजुरी लोक त्याला वाहलू म्हणतात, शर्यतीच्या जगात त्याचं नाव माउंट पॅनोरमा. या डोंगरावरून जाणारा ६.२१३ किलोमीटरचा वळसा १९३८ पासून शर्यतीला वापरला जातो. विशेष म्हणजे तो एरवी साधा सार्वजनिक रस्ता आहे. त्याच्या कडेला लोकांची घरं आणि द्राक्षमळे आहेत, आणि शर्यत नसते तेव्हा तिथे ताशी ६० किलोमीटरची मर्यादा पाळून कुणीही आपली गाडी फिरवू शकतं. चढ-उतारातला फरक १७४ मीटरचा. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी त्याच रस्त्यावर गाड्या १६१ फेऱ्या मारतात आणि सरळ उतारावर त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. ज्या वळणावर आपण स्वतः गियर टाकलाय, त्याच वळणावर शर्यतीची गाडी कशी वळते हे तिथला प्रेक्षक बघतो. धावपट्टी त्याची, आणि गाडीही त्याचीच. ही शर्यत १९६० साली फिलिप आयलंडवर सुरू झाली आणि १९६३ साली बाथर्स्टला आली, तेव्हा ती साध्या ग्राहकासाठीची परीक्षा होती. दुकानात मिळते तशीच गाडी उतरवायची, आणि बराच काळ गट पाडले जात ते गाडीच्या विक्रीच्या किमतीवरून. कुणाच्या गाडीचे ब्रेक टिकतात, कुणाचं इंजिन तापतं, हे पाचशे मैलांत उघड व्हायचं. १९६६ साली पहिले नऊ क्रमांक छोट्याशा मिनी कूपर गाड्यांनी पटकावले. पुढच्या वर्षी फोर्ड फाल्कनने बाजी मारली, त्याच्या पुढच्या वर्षी होल्डन मोनारोने, आणि तिथून फोर्ड विरुद्ध होल्डन ही झुंज सुरू झाली.

होल्डन ही नुसती कंपनी नव्हती. मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सची असली, तरी पहिली होल्डन मोटार २९ नोव्हेंबर १९४८ रोजी लोकांपुढे आणली ती पंतप्रधान बेन चिफली यांनी, ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी म्हणून. चिफली मूळचे बाथर्स्टचेच. राजकारणात येण्याआधी ते रेल्वेचं इंजिन चालवत. योगायोग असेल, पण तो या खेळाच्या स्वभावात मुरलेला आहे. फोर्डचे कारखाने मेलबर्न आणि जिलाँगजवळ, होल्डनचा शेवटचा मोठा कारखाना ॲडलेडच्या एलिझाबेथ भागात. या गावांतल्या हजारो कुटुंबांनी जी गाडी हाताने जोडली, तीच रविवारी डोंगरावर धावत होती. बाप फोर्डवाला तर मुलगाही फोर्डवाला, अशी घराणी झाली. पीटर ब्रॉक या होल्डनच्या चालकाने ही शर्यत नऊ वेळा जिंकली. २००६ साली एका रॅलीत तो अपघातात गेला, तेव्हा देशाने आपला माणूस गेल्यासारखा शोक केला.

पण माझ्या म्हणण्याला खरा पुरावा जिंकण्यात नाही, हरण्यात आहे. १९८० साली डिक जॉन्सन नावाचा क्वीन्सलंडचा एक चालक कर्ज काढून, घरचं सगळं पणाला लावून तयार केलेल्या निळ्या फाल्कनमध्ये सर्वांत पुढे होता. शर्यतीची अजून सुरुवातच होती. रस्त्यात पडलेल्या एका मोठ्या दगडाला चुकवता आलं नाही, गाडी भिंतीवर गेली आणि संपली. टीव्हीवर बोलताना त्याला रडू आवरेना. आणि त्याच क्षणी दूरचित्रवाणी केंद्रातले फोन खणखणू लागले. लोक पाच-दहा डॉलर द्यायला तयार होते. जमलेल्या सुमारे ७२ हजार डॉलरमध्ये फोर्ड कंपनीने तेवढीच भर घातली. पुढच्या वर्षी, १९८१ साली, जॉन्सनने नवी गाडी घेऊन बाथर्स्ट जिंकलं. फॉर्म्युला वनचा चालक भिंतीवर आदळला म्हणून कुणी त्याला मनीऑर्डर करत नाही. इथे लोकांनी वर्गणी काढली, कारण ती गाडी त्यांच्या अंगणातल्या गाडीचं भावंड होती आणि तिचा मालक त्यांच्यासारखाच हप्ते भरणारा होता. आपल्या गावात कुणाची जोडी वीज पडून दगावली तर शेजारपाजारचे जे करतात, तेच हे.

याच्या नेमकं उलट घडलं १९९२ साली. आंतरराष्ट्रीय नियम लागू झाल्यामुळे निस्सानची जीटी-आर ही गाडी आधीच्या वर्षी बाथर्स्ट जिंकली होती. चारही चाकांना ताकद, टर्बो इंजिन, तंत्रात सगळ्यांच्या कितीतरी पुढे. १९९२ मध्ये पाऊस कोसळला, बऱ्याच गाड्या, त्यात निस्सानही, घसरून आदळल्या, शर्यत थांबवली गेली आणि नियमाप्रमाणे विजय निस्सानला मिळाला. बक्षीस समारंभात प्रेक्षकांनी चालकांची हुर्यो उडवली आणि विजेता जिम रिचर्ड्‌स, ज्याने आधी ब्रॉकबरोबर हीच शर्यत जिंकली होती, त्याने भर व्यासपीठावरून गर्दीला शिवी दिली. प्रेक्षकांचं वागणं अशोभनीय होतं, यात वाद नाही. पण त्यातून समजतं ते असं, की सर्वांत वेगवान गाडी जिंकली म्हणून लोक खूश होत नाहीत. पुढच्याच वर्षापासून आयोजकांनी नियम बदलले आणि खेळ पुन्हा फोर्डची फाल्कन व होल्डनची कमोडोर या दोन घरच्या आठ सिलिंडरवाल्या गाड्यांभोवती उभा केला. तंत्रदृष्ट्या ते एक पाऊल मागे होतं. लोकप्रियतेच्या दृष्टीने ती या खेळाची सर्वांत भरभराटीची वर्षं ठरली.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण पुढे शंकरपटाबद्दल जे म्हणायचं आहे ते तिच्यावर उभं आहे. कुठलीही शर्यत मोकळी सोडली तर ती घरापासून दूर पळते. जिंकायचं असेल तर घरच्या वस्तूपेक्षा वेगळी वस्तू हवी, हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात येतं. दुकानातलीच गाडी उतरवायची हा नियम होता, म्हणून कंपन्यांनी काय केलं, तर शर्यतीचीच गाडी बनवून ती दुकानात ठेवली. १९७१ ची फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री ही अशी गाडी. तीनशेच्या आसपासच बनल्या, नावाला कौटुंबिक, प्रत्यक्षात रस्त्यावर सोडलेलं शर्यतीचं यंत्र. १९७२ साली वर्तमानपत्रांनी ओरड केली की असल्या गाड्या तरुण पोरांच्या हाती विकल्या जाणार आहेत. सरकारांनी दटावलं, कंपन्यांनी पुढच्या गाड्या गुंडाळल्या आणि १९७३ पासून वेगळ्या नियमांनी शर्यत सुरू झाली. म्हणजे नातं आपोआप टिकत नाही. दर दहा-वीस वर्षांनी कुणाला तरी नियम हातात घेऊन शर्यतीला परत अंगणाकडे ओढावं लागतं.

आता आपल्याकडे बघू. शर्यतीचे प्रकार महाराष्ट्रात भागाभागाने बदलतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला घाटात चार बैल आणि पुढे घोडी, सातारा-सांगलीकडे छकड्याला दोन बैल आणि गटागटाने फायनलपर्यंत, तर विदर्भ-मराठवाड्यात जोडी, हलकी गाडी, धुरकरी आणि सेकंदांचा हिशेब. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. मराठवाड्यात पट हा यात्रा-जत्रेच्या आणि सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांचा खेळ. पटाच्या कडेला उभा असलेला माणूस जोडीचे खूर, वशिंड, मान, शिंगांची ठेवण बघून जे बोलतो, ते बाजारात बैल घेताना बोलतो तसंच. त्याचं ज्ञान खेळापुरतं नसतं. कोणता बैल जूवर मान टाकतो, कोणता अंग चोरतो, कोणता आतल्या अंगाला चालतो आणि कोणता बाहेरच्या, हे त्याला तिफणीवर आणि कोळप्यावर कळलेलं असतं. बाथर्स्टच्या प्रेक्षकाला वळणावरचा गियर कळतो, याला कासरा कळतो.

नांदेड-लातूरला तर या नात्याला दोन नावं आहेत. कंधार तालुक्याच्या नावाची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाची देवणी. दोन्ही मान्यताप्राप्त देशी गोवंश. लाल कंधारीचा बैल गडद तांबडा, ओढकामाला चिवट. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगावरून ओळखायचे प्रकार, गाय दुधाला बरी आणि बैल कामाला भारी. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार आणि पशुप्रदर्शन भरतं, तिथे या जनावरांभोवती जी गर्दी दाटते ती विकत घेणाऱ्यांचीच नसते. ज्याच्याकडे आज एकही बैल नाही तोही थांबून बघतो.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो वजनदार आहे. आज पटात पळणारा बैल शेतात कुठे असतो? तो औताला जुंपलेला नसतो. त्याला दूध, अंडी, बदामाचा खुराक असतो, त्याची किंमत लाखांत बोलली जाते आणि तो बहुतेक वेळा खिलार असतो, सांगली-सोलापूरकडून आणलेला, कारण खिलार अंगाने हलका आणि पायाने चपळ. कंधारी किंवा देवणी त्याच्यापुढे पळण्यात कमी पडते. म्हणजे ज्या नात्यावर मी सगळं उभं करतोय ते पटातून केव्हाच गेलं, असं कुणी म्हणू शकेल. याला माझं उत्तर असं, की हे खरं आहे आणि म्हणूनच फेज थ्रीची गोष्ट सांगावी लागली. शर्यत घरापासून पळते, तशी पटाचीही पळाली आहे. पश्चिम महाराष्ट्रात पहिलं बक्षीस म्हणून ट्रॅक्टर आणि थार गाड्या लागल्या, तेव्हा बैल हा त्या गाडीपर्यंत पोचायचं साधन झाला. तरी लोक अजून येतात, ते नात्याच्या आठवणीवर. आठवण एक-दोन पिढ्या पुरते. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातल्या नरांची संख्या २०१२ च्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. सोयाबीनची पेरणी ट्रॅक्टरने होते, बैल उरला तो डवरणी-कोळपणीपुरता. आज पंधरा वर्षांचं असलेलं पोर कासरा हातात न धरताच मोठं होणार असेल, तर त्याला पट आणि मोबाईलवरची कुठलीही शर्यत सारखीच.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो आणि त्यालाही ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण दिलं जातं. फोर्डने तिथलं उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद केलं, होल्डनचा एलिझाबेथचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ रोजी थांबला, आणि २०२० साली जनरल मोटर्सने होल्डन हे नावच मोडीत काढलं. २०१९ पासून डोंगरावर फोर्डची मस्टँग आणि २०२३ पासून जनरल मोटर्सची कॅमेरो धावू लागली. कॅमेरो तर तिथे नवी विकतही मिळत नाही. तरी बाथर्स्टची गर्दी ओसरली नाही. मग नात्याचं महत्त्व राहिलं कुठे? हा मुद्दा टाळता येत नाही. पण गर्दी कुठून येते ते पाहावं. डोंगरावर तंबू ठोकून राहणारी कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या येतात, अजूनही होल्डनचे झेंडे घेऊन येतात. ज्या कंपनीचं दुकानही उरलं नाही तिचा झेंडा माणूस फडकवतो, तो वेगासाठी नव्हे. शिवाय रस्ता अजून तोच आहे आणि अजून सगळ्यांचा आहे. नात्याचा एक धागा तुटला, दुसरा उरला. त्यावर खेळ किती वर्षं उभा राहील याची काळजी तिथल्या लोकांनाही आहे, म्हणून तर दुसऱ्या कंपन्यांना, २०२६ पासून टोयोटालाही, आत घेतलं आहे. जगात सर्वांत जास्त गाड्या विकणारी कंपनी बोलावण्यामागे तोच जुना विचार दिसतो.

भारतातही टूरिंग कारचा प्रयोग झाला. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कुर्ल्यात बनणाऱ्या फियाट आणि मद्रासकडच्या हेरल्ड धावायच्या, आणि तिथे तुफान गर्दी व्हायची. पुढे चाकणच्या कारखान्यातल्या पोलो गाड्यांची शर्यत २०१० पासून सुरू झाली, कोल्हापूरच्या पोरांनी त्या खेळात नाव काढलं. तरी तो रुजला नाही, कारण ट्रॅक कोइमतूरला आणि चेन्नईला, आणि पोलो चालवणारा माणूस तिथे जाऊन आपली गाडी त्या गाडीशी ताडून बघू शकत नव्हता.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे. मोटारीला वेदना नसते, बैलाला असते. इथे ऑस्ट्रेलियाची तुलना संपते, आणि ती संपते हे मान्यच केलं पाहिजे. २०१४ च्या निकालात न्यायालयाने शेपूट पिरगाळणं, टोचणं, मारणं यांचा विचार केला तो काल्पनिक नव्हता. पट पाहिलेल्या कुणालाही त्या गोष्टी ठाऊक आहेत. परंपरा हे त्याला उत्तर नाही. २०२३ च्या घटनापीठानेही परंपरा आहे म्हणून सगळं माफ असं म्हटलेलं नाही. नव्या नियमांनी वेदना बऱ्याच कमी होतात, हे पटल्यावर त्यांनी दुरुस्ती मान्य केली आणि नियम कसोशीने पाळले जातील हे पाहायची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. अंतर एक हजार मीटरपेक्षा जास्त नको, काठी-चाबूक नको, विजेचा धक्का नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी. हे नियम मोडले तर परवानगीचा पायाच राहत नाही. आणि मला वाटतं, नात्याचा युक्तिवाद इथे पटवाल्यांपेक्षा प्राणिमित्रांच्या बाजूचा आहे. पोळ्याला ज्याच्या खांद्याला हळद-तूप लावायचं, त्याला सेकंदाचे दोन भाग वाचवायला टोचणं हे त्या नात्यातलं नाही. टोचण्याची गरज पडते ती बैल भाड्याच्या यंत्रासारखा झाला की. लाखांचं बक्षीस, लाखांची पैज आणि एका हिवाळ्यात वसूल करायची किंमत, यांतून ती गरज जन्मते. म्हणून बैलाचा त्रास कमी करणं आणि पटाला घराकडे आणणं ही दोन कामं वेगळी नाहीत.

ते कसं करायचं याचा नमुना बाथर्स्टच्या सुरुवातीच्या वर्षांत आहे: सगळ्यांना एकाच घड्याळावर पळवायचं नाही, गट पाडायचे. काही पटांत खुल्या गटाबरोबर तालुक्यातल्या जोड्यांचा वेगळा गट ठेवतातच. तोच धागा पुढे न्यावा. नांदेड-लातूरच्या पटांत लाल कंधारीचा एक गट, देवणीचा एक गट आणि गेल्या हंगामात शेतात प्रत्यक्ष राबलेल्या जोडीचा एक गट, मग ती कुठल्याही जातीची असो. खिलारांना खुला गट आहेच. कंधारीची वेळ खिलारापेक्षा जास्त भरेल, भरू दे. तिची तुलना शेजारच्या गावच्या कंधारीशी व्हायची आहे. बक्षीस ट्रॅक्टर नको, पुढच्या वर्षाचा चारा, पेंड आणि चांगल्या वळूची सोय असावी. कुणी म्हणेल, जात ओळखायची कुणी आणि खोटं बोलणाऱ्याला धरायचं कसं? त्यालाही उत्तर जवळच आहे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, देवणीचं माहेर त्याच्या दाराशी. परवानगीच्या अर्जाबरोबर पशुवैद्यकाचा दाखला आजही लागतोच. त्यावर जनावराची जात आणि ते काय काम करतं या दोन ओळी वाढवायला नवा कायदा लागत नाही. राबलेल्या बैलाचा खांदा तर कागदाशिवायही सांगतो. जूच्या घट्ट्याची नक्कल करता येत नाही, आणि तो ओळखणारे पंच मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात अजून हयात आहेत.